जनार्दन मिस्त्रीने बसवलेला हीटर

जनार्दन मिस्त्रीशी माझी ओळख भांडणातून झाली आणि पुढेही ती भांडणावरच टिकली. मी मूळचा परभणीचा. नोकरी हिंजवडीत, घर पिरंगुटला. चाळिशी आली की काही जण पहाटे पळायला लागतात, काही गिटार शिकतात. मी जुनी जीप घेतली. जुनी जीप घेतली की दोन महिन्यांत मिस्त्रीचा नंबर तोंडपाठ होतो, तसा माझाही झाला.

पौड ओलांडून ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड आहे. शेडला पाटी नाही. समोर कायम दोन-तीन जीपा बॉनेट उघडून उभ्या असतात आणि त्यांतल्या एकीत कमरेपर्यंत शिरलेला जनार्दन असतो. वय छप्पन्न, अंगकाठी किडकिडीत, आवाज मात्र दोन माणसांचा. मी पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा त्याने माझं काहीच ऐकून घेतलं नाही. इंजिनाच्या माथ्यावरचा जाड पाइप सोडला, आतून वाटीएवढी पितळेची एक चकती काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हे घ्या. टेबलावर कागदं उडत्यात ना, त्याच्यावर ठिवा."

हा थर्मोस्टॅट, असं त्याने सांगितलं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत बसवलेली झडप. जनार्दनच्या मते निव्वळ अडथळा. मी घाबरत विचारलं की गाडी बनवणाऱ्यांनी काहीतरी विचार करूनच बसवली असेल ना. त्यावर तो म्हणाला की बनवणाऱ्यांनी ताम्हिणी घाट पाहिलेला नाही. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं. जिथे आपल्याला काही कळत नाही तिथे तावातावाने बोलणाऱ्या माणसाचं मला पटतं. मी चकती खिशात घातली आणि घरी टेबलावर ठेवली.

पुढे कळलं की ही कृपा माझ्या एकट्यावर झालेली नव्हती. मुळशी खोऱ्यात, मुठ्याच्या बाजूला, घाटावरच्या वाड्यांत जितक्या जुन्या जीपा होत्या, त्या सगळ्यांमधून जनार्दनने ही झडप काढलेली होती. तीस वर्षं काढत होता. गाडी कसल्याही कामाला आलेली असो, ब्रेकच्या असो की नुसत्या हॉर्नच्या, झडप आधी निघायची. आणि त्याची बाजूही सांगायला हवी, त्या तीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी घाटात उकळली नव्हती. जनामिस्त्रीची गाडी उकळत नाही, हे इकडे लोक सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या खात्रीने सांगतात. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान झाकून ठेवण्याची त्याला सवय नव्हती.

आता त्याच्या बहिणीबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

सारजाबाई जनार्दनपेक्षा सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. ताम्हिणीच्या वर एक छोटी वाडी आहे, तिथे तिला दिलेली. नवरा गेला, जमीन आहे, मुलगा किशोर शेती करतो आणि वडिलांची जुनी जीप चालवतो. डांबरी रस्ता सोडल्यावर वाडीपर्यंत अडीच किलोमीटर नुसते धोंडे आहेत. तिथे चारही चाकं ओढणाऱ्या गाडीशिवाय काही चढत नाही. त्यामुळे वाडीचं दूध, वाडीच्या नवऱ्या, वाडीचे आजारी, सगळं याच जीपमधून खाली येतं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सारजाबाईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. केंद्र पिरंगुटच्या बाजूला, वेळ सकाळी सातची, म्हणजे वाडीतून पाचला निघायचं. पावसाळा निघाला, कारण इकडची माणसं पावसाला भीत नाहीत. पहिल्याच थंडीने मात्र घात केला.

पुण्यातल्या लोकांना मुळशी म्हणजे पाऊस एवढंच माहीत असतं. डिसेंबरच्या पहाटे धरणाच्या कडेने उघड्या जीपमधून जाऊन बघावं. पाण्यावरून धुकं उठतं आणि थेट हाडांत शिरतं. किशोरच्या जीपला ताडपत्रीचं हूड, बाजूला पडदे, आणि सगळीकडून फटी. सारजाबाई दोन घोंगड्या गुंडाळून बसायची तरी केंद्रावर पोचेपर्यंत बोटं निळी पडायची. आणि खरी अडचण हातात होती. डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातात दोन नसा जोडून सुईची जागा केलेली आहे. हात गारठला की नस आखडते, सापडत नाही. केंद्रातली गौतमी नावाची मुलगी सुया टोचण्यात पटाईत, पण तिलाही तीन-तीनदा टोचावं लागायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी पाच वेळा टोचलं. हात काळानिळा झाला. घरी येऊन सारजाबाईने किशोरला सांगितलं, "थंडी सरस्तोवर मी आता येयाची न्हाई. मेले तर मेले."

डॉक्टरांनी किशोरला स्पष्ट सांगितलं होतं की दोन-तीन खेपा चुकल्या तर थंडी सरलेली त्या बघणार नाहीत.

किशोर हे सांगायला शनिवारी शेडवर आला तेव्हा मी तिथेच होतो, माझ्या स्टार्टरचं रडगाणं घेऊन. नातेवाइकाची बंद काचांची गाडी खाली डांबरीवर बोलावून बघितली होती म्हणाला, पण तिथवर यायलाच अर्धा तास जीपमध्ये, तेवढ्यात हात गार, आणि गाडीवाला एकदा उशिरा आला, एकदा आलाच नाही. जनार्दनने सगळं ऐकलं. हातातला पाना खाली ठेवला. फडक्याने हात पुसले. मग म्हणाला की जीपलाच शेगडी बसवू.

तिथे मी शहाणपणा केला. मोबाइल काढून म्हणालो की एवढं कशाला, बॅटरीवर चालणारा छोटा हीटर ऑनलाइन मिळतो, उद्या सकाळी घरी येईल. आला. मी स्वतः नेऊन जोडून दिला. त्यातून कुणीतरी तोंडावर जांभई द्यावी एवढी ऊब यायची, दिवे लावले की तीही जायची, आणि चाचणीलाच पौडच्या चौकात जीपची बॅटरी बसली. किशोरने आणि मी भर बाजारातून ती ढकलत शेडवर आणली. जनार्दनने मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त तो हीटर उचलून माझ्या जीपच्या मागच्या सीटवर ठेवून दिला.

मग त्याने स्वतःच्या पद्धतीने काम काढलं. इंजिनातलं पाणी गरम होतंच, तेच पायापाशी आणायचं, असा सरळ हिशेब. पुण्याच्या भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या मोटारीचा हीटर आणला. हीटर म्हणजे शाळेच्या पाटीएवढा एक छोटा रेडिएटर आणि त्याच्यामागे पंखा. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपने त्यात आणायचं, दुसऱ्याने परत पाठवायचं, पंख्याने मधून हवा फुंकायची. त्या दीड दिवसात त्याने दुसरी गाडी हातात घेतली नाही. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून परत गेली, त्याने मान वर केली नाही.

सोमवारी दुपारी सारजाबाईला उन्हाची खाली आणून जीपमध्ये बसवली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहरा फिका, पण नजर अशी की तिच्यासमोर जनार्दनचा दोन माणसांचा आवाज एका माणसाचा झाला. तिने हीटरकडे बघितलंच नाही. वाकून ब्रेक-क्लचच्या पायट्याखाली हात धरला.

"वारं हितनं येतंय, जना. आन् तू वर पंखा लावतोयस."

तिच्या घराला दर मे महिन्यात पावसाच्या बाजूने गवताचे आडोसे बांधतात, कूड लिंपतात. बोट शिरेल एवढी फट राहिली तर ताम्हिणीचा पाऊस तिथून घर भिजवतो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून ती हे करत होती. तिने बसल्या जागेवरून जीपभर हात फिरवला आणि एकेक भोक दाखवलं. पायट्यांची भोकं, गिअरच्या दांड्याभोवतीचं भोक, पडद्याची खालची कड, दरवाजाचा सांधा. जनार्दन मुकाट्याने खडूने खुणा करत गेला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून त्याने संध्याकाळपर्यंत सगळं बुजवलं आणि हूडवाल्याकडून पडद्यांना खाली जाड घोळ शिवून आणला. त्या बाईपुढे माझी इंजिनिअरिंगची पदवी मला फारच हलकी वाटली.

तेवढ्यावर ती मंगळवारी यायला तयार झाली. किशोरने नंतर मला सगळं सांगितलं. पाचला निघाले. फटी बंद झाल्यामुळे वारं खरंच कमी झालं होतं. धरणाच्या कडेला आल्यावर जनार्दनने मोठ्या ऐटीत पंख्याचं बटण दाबलं. सारजाबाईने त्याच्यासमोर हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि म्हणाली की जना, हे तर गार फुकतंय. जनार्दन म्हणाला अजून पाच मिनिटं. पाचची पंचवीस झाली, पौड आलं, हवा गारच. गौतमीला चार वेळा टोचावं लागलं. परतताना सारजाबाईने पंखा बंद करायला लावला. घरी उतरल्यावर सांगितलं की झालं ते पुष्कळ झालं, आता शुक्रवारी कुणी गाडी काढायची नाही.

जनार्दनने भंगारवाल्याला फोनवर शिव्या घातल्या. हीटर बदलला, पंखा बदलला, पाइप बदलले. हवा गार ती गार.

मी त्या दोन संध्याकाळी कामधंदा सोडून जुन्या जीपांच्या हीटरविषयी मिळेल ते वाचत होतो. आणि एका ठिकाणी ते वाक्य सापडलं. हीटर गार फुंकत असेल तर आधी थर्मोस्टॅट बघा. इंजिन गरम होईपर्यंत ही झडप पाणी आतच अडवून धरते. झडप नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं आणि थंडीत इंजिन कधी नीट तापतच नाही. मी माझ्या टेबलाकडे बघितलं. विजेच्या बिलांवर ती पितळेची चकती बसली होती.

गुरुवारी सकाळी मी माझी जीप मुद्दाम तासभर फिरवली. उतरून बॉनेट उघडलं आणि वरचा जाड पाइप मुठीत धरला. आरामात धरता आला. गरम पाणी मिळायचं ते कुठून?

सरळ शेडवर गेलो आणि जनार्दनला सांगितलं. थोडं सावरून, थोडं गोड बोलून सांगायला हवं होतं, हे मला आता कळतं. मी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. म्हणालो की हीटर चांगला आहे, तुम्ही तीस वर्षं जे काढत आलात तेच इथे आडवं आलंय.

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तीस वर्सांत माझी एक गाडी उकळली न्हाई," तो म्हणाला. "तुमी तुमचं कॉम्प्युटर बघा, सायेब. हितं परत यिऊ नका."

मीही तापट आहे. म्हणालो की मिस्त्री, गाडी उकळली नाही, पण तुमची बहीण गारठतेय. हे बोललो आणि तिथून निघालो. रस्ताभर वाईट वाटत राहिलं, आणि तरी मी बरोबर होतो याचा राग जाईना.

शुक्रवारची खेप चुकली. शनिवारी किशोरचा फोन आला. आईच्या तोंडावर सूज आलीय, दोन पायऱ्या चढली की दम लागतोय. डॉक्टर म्हणाले की पाणी मोजून प्यायला द्या आणि काहीही करून मंगळवार चुकवू नका. ती मात्र हलायला तयार नव्हती. मामा काय करतोय विचारलं तर म्हणाला, शेड बंद करून बसलाय.

रविवारी दुपारी आमच्या दारावर थाप पडली. जनार्दन. चप्पल पार जिन्यातच काढलेली, अंगात धुतलेला सदरा. तीन वर्षांच्या ओळखीत तो आमच्या घरी कधी आला नव्हता. माझी बायको ऋतिका पाणी घेऊन आली तर त्याने ते उभ्यानेच प्यायलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ते पितळंचं हाय का अजून?"

मी बिलांवरून चकती उचलून दिली. त्याने ती उलटसुलट केली, बोटाने दाबून बघितली आणि म्हणाला की मला हे डोळ्याने बघायचंय. म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. ऋतिका केक करते, तिच्याकडे साखरेच्या पाकाचं तापमान बघायला घेतलेलं थर्मामीटर होतं. चहाच्या पातेल्यात पाणी घेतलं, चकती दोऱ्याने पाण्यात सोडली, गॅस लावला. जनार्दन ओट्यावर दोन्ही हात टेकून पातेल्यात डोळे घालून उभा राहिला. ऋतिका आकडे वाचत होती. साठ झाले, काही नाही. सत्तर झाले, काही नाही. जनार्दनने एकदा माझ्याकडे बघितलं, त्यात जरा आशा होती. ब्याऐंशीला चकतीचा मधला भाग हलला आणि सावकाश वर उचलला.

"उघाडलं," तो म्हणाला.

त्याने गॅस बंद केला. पाणी निवत गेलं तशी झडप पुन्हा मिटली. त्याने परत गॅस लावायला सांगितला. तीन वेळा त्याने ती उघडताना आणि मिटताना बघितली. तिसऱ्या वेळी तो खाली फरशीवरच बसला आणि बोलायला लागला.

पंचविशीत त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दुरुस्त केलेली पहिली जीप घाटात उकळली होती. इंजिनाचं हेड तडकलं. गाडीचा मालक पौडच्या बाजारात चारचौघांत त्याला वाट्टेल ते बोलला. जनार्दनने इंजिन उघडलं तेव्हा आतली झडप मिटल्या जागीच गंजून अडकलेली होती. त्या दिवशी त्याने ठरवलं की ही चीज एकाही गाडीत राहू द्यायची नाही.

"एक मेलेलं निघालं, म्हणून मी समदी जिती काढून टाकली," तो म्हणाला. "आन् आक्काच्या गाडीतलं बी मीच काढलंय. ह्याच हातानं."

मला त्याच्यावर खूप राग यायला हवा होता, पण मला नुसतं भरून आलं. छप्पन्नाव्या वर्षी, ज्याच्यावर सगळं नाव उभं आहे तीच गोष्ट चुकली असं म्हणणं मला जमलं नसतं. आमच्या ऑफिसात लोक साधी चुकीची मेल मान्य करत नाहीत. ऋतिकाने त्याला चहा दिला, नव्या पाण्याचा.

नवी झडप मागवायला वेळ नव्हता. माझ्या आणि किशोरच्या जीपचं इंजिन एकच, त्यामुळे माझीच चकती तिकडे जायची ठरली. सोमवारी मी रजा टाकली. जनार्दनने आधी किशोरच्या इंजिनातलं सगळं पाणी सोडून दिलं. ओढ्याचं पाणी वर्षानुवर्षं भरलेलं, आतून तांबडा गाळ आला. तीन वेळा धुतल्यावर स्वच्छ पाणी यायला लागलं, मग त्यात कूलंट भरलं. झडप बसवण्याआधी त्याने तिच्या कडेला ड्रिलने एक बारीक भोक पाडलं. मी विचारलं तर म्हणाला की उद्या कधी अडकली तर थोडं पाणी तरी जाईल, इंजिन मरणार नाही. चूक कबूल केली होती, पण भीती गेलेली नव्हती. हे भोक काही नवं नाही, कित्येक गाड्यांच्या झडपांना ते मुळातच असतं, पण त्याला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी पहाटेचं गार वारं कमी लागावं म्हणून रेडिएटरच्या जाळीवर अर्ध्यापर्यंत गोणपाट बांधलं.

मग तो एकटा घाट उतरून कोकणाच्या बाजूला गेला आणि परत चढून आला. भर उन्हात तीन वेळा. गोणपाट काढून दोन वेळा, बांधून एकदा. प्रत्येक वेळी वर आला की बॉनेट उघडायचा आणि कान लावून उभा राहायचा. तापमानाचा काटा, जो त्या जीपमध्ये वर्षानुवर्षं तळाला लोळत पडलेला होता, मध्यावर येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. तिसऱ्या फेरीनंतर त्याने मला आत बसवून पंखा लावला. मी दहा मिनिटांत स्वेटर काढला.

आता राहिली सारजाबाई. संध्याकाळी आम्ही वाडीवर गेलो. ती ओसरीत भिंतीला टेकून बसलेली, पापण्या सुजलेल्या, बोलताना मध्येच श्वास घ्यायची. किशोर म्हणाला की आई, हीटर दुरुस्त झालाय. तिने मान फिरवली. असं मागच्या वेळीही सांगितलं होतं, म्हणाली.

जनार्दन तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसला. "आक्का, हीटर चांगलाच हुता. चूक माझी हाय. तुझी गाडी मीच गार केलीया, चौदा वर्सांमागं. आज नीट केली."

सारजाबाई जरा पुढे सरकली. मग हात पुढे करून त्याच्या कपाळाला लावला आणि किशोरला म्हणाली, "बघ रं, ह्याला ताप हाय का." सगळ्यांना हसू आलं, जनार्दनला आलं नाही. तो तसाच बसून राहिला. तेव्हा ती म्हणाली की बरं, येते, पण गार फुकलं तर पुन्हा माझ्यापुढं गाडीचं नाव काढायचं नाही.

रात्री आम्ही तिथेच राहिलो. पहाटे पाचला वाडीवर माझ्या तोंडातून वाफ निघत होती. जनार्दनने आधी दहा मिनिटं जीप चालू ठेवली. सारजाबाईला पुढे बसवली, दोन घोंगड्या, कानाला मफलर, डावा हात पदराखाली छातीशी धरलेला. किशोर चालवायला, आम्ही दोघं मागे. धोंड्यांवरून गाडी उतरायला लागली. जनार्दनने पंख्याला हात लावला नाही, त्याचं सगळं लक्ष काट्यावर. डांबरी लागली. काटा मध्यावर आला. त्याने पुढे वाकून बटण दाबलं.

सारजाबाईने डावा हात पदराखालून काढला आणि पंख्यासमोर धरला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने हात मागे घेतला नाही, एवढंच दिसलं. थोड्या वेळाने उजवाही पुढे केला. मग मफलर सुटला. धरणाचं पाणी दिसायला लागलं, बाहेर धुकं इतकं की किशोर दिवे लावूनही दबकत चालवत होता, आणि आत तिने वरची घोंगडी काढून मागे आमच्या अंगावर टाकली. माले गावाच्या अलीकडे दुसरी निघाली.

"किशोर," ती म्हणाली, "पडदा जरा वर कर. उकडाय लागलंय."

"पडद्याला कुणी हात लावायचा न्हाई," जनार्दन मागून ओरडला. त्याने शेडचं फडकं काढून तोंड पुसलं, त्यामुळे गालावर ग्रीसचा काळा पट्टा उमटला, आणि तो बाहेर बघत राहिला. बाहेर धुक्याशिवाय काहीही दिसत नव्हतं.

केंद्रावर गौतमीने सवयीने आधीच सुयांची जादा पाकिटं काढून ठेवली होती. तिने सारजाबाईचा हात हातात घेतला आणि चमकून वर बघितलं. नस बोटाखाली उडत होती. पहिली सुई एका झटक्यात गेली. दुसरीही.

"मावशी, आज हा हात कुणाचा आणलात?" गौतमीने विचारलं.

"माझाच हाय," सारजाबाई म्हणाली. "भावानं गरम करून दिलाय."

मी धावत बाहेर येऊन जनार्दनला सांगितलं. तो बाकावर बसला होता. एकदाच टोचलं ना, असं त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला की मला चहा पाजा. चार तासांत त्याने मला पाच चहा प्यायला लावले आणि दर चहाला झडप कशी उघडते ते टपरीवाल्याला नव्याने सांगितलं.

परतताना ताम्हिणीत एका ढाब्यापाशी ओळखीची जीप उभी होती. जनार्दनने किशोरला थांबायला लावलं, उतरला आणि त्या ड्रायव्हरला सगळ्यांच्या देखत म्हणाला की तुझ्या गाडीतलं मी एक काढलंय, ते माझं चुकलं, गाडी घेऊन ये, मी परत बसवून देतो. तो बिचारा घाबरून व्हय व्हय म्हणाला. पुढच्या वळणावर आणखी एक जीप दिसली. जनार्दन पुन्हा उतरायला लागला तेव्हा सारजाबाईने त्याचा सदरा धरला आणि सांगितलं की खोऱ्यातल्या सगळ्या गाड्या आजच गोळा करायच्या नाहीत, मला भूक लागलीय.

वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरायला लागली होती. किशोर हात द्यायला पुढे झाला, तिने त्याचा हात बाजूला केला आणि आपली आपण उतरली. दोन पायऱ्या चढली, ओसरीच्या खांबाला धरून थांबली.

"सुक्रवारी पाचलाच निघायचं ना?" तिने विचारलं.

किशोर म्हणाला, व्हय.

"मंग साडेचारला गाडी चालू करून ठिवा. गार गाडीत मी बसायची न्हाई."